मामाचे टायर, माझं व्हर्नियर

मामाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी सबमिशनच्या ढिगाऱ्याखाली होते. पलीकडून एकच वाक्य आलं, "बाय, माका मोठे टायर होये." नमस्कार नाही, जेवलीस का नाही. मी मेकॅनिकलला आहे हे आमच्या घराण्यात सर्वांना फक्त अशा वेळी आठवतं. एरवी मिक्सर दुरुस्त करता येत नाही म्हणून माझी चेष्टा होते.

लेख सुरू करण्याआधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची. व्हरांड्यात मराठी बोललं तर तिथे एक रुपया दंड होता. त्यामुळे माझं मराठी घरचं, म्हणजे अर्धं कोल्हापूरचं आणि अर्धं आजोळचं. संपादक मंडळाने वेलांट्या दुरुस्त केल्या आहेत, तरी काही राहिल्या असतील तर वाचकहो, सांभाळून घ्या. टायर मात्र मी स्वतः मोजले आहेत.

तर मुद्दा मामाच्या गाडीचा. गाडी म्हणजे टाटा सफारी स्टॉर्म, फोर बाय फोर, २०१७ ची. मामाने ती २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. (स्टॉर्मचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं. सध्या सफारी नावाने शोरूममध्ये जी दिसते ती वेगळीच गाडी आहे, हे मामासमोर बोलू नये.) मामाची आंबा-काजूची बाग कणकवलीच्या बाजूला. महिन्यातून दोन-तीनदा फोंडा घाट चढून कोल्हापूरला येणं, सीझनमध्ये मागे पेट्या भरणं, आणि बागेपर्यंतची शेवटची तीन किलोमीटरची पाणंद, असा गाडीचा दिनक्रम. पाणंद म्हणजे तांबडी माती, मध्ये एक पऱ्या, आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल.

२०२४ च्या जुलैमध्ये परीक्षा संपवून मी त्याच गाडीतून आजोळी निघाले होते. पुढे मामा-मामी, मागे मी आणि आजी. दाजीपूर सोडून घाट उतरायला लागलो तेव्हा असा पाऊस होता की वायपर फक्त हजेरी लावत होते. मामा जोरात चालवत नव्हता, काटा चाळीसच्या आसपास होता. एका उजव्या वळणावर त्याने स्टिअरिंग वळवलं, ब्रेक दाबला, आणि गाडी वळलीच नाही! ती सरळ गेली. अगदी शांतपणे, जणू तिला तिकडेच जायचं होतं. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मामी ओरडलीसुद्धा नाही. आजीने पिशवीतला डबा घट्ट धरून ठेवला होता, तेवढंच मला आठवतं. कठड्यापलीकडे पांढरं धुकं होतं, त्यामुळे खाली किती खोल आहे ते दिसलं नाही, हे एक बरं झालं.

त्या रात्री मामाने निष्कर्ष काढला की टायर लहान आहेत. मोठे, जाड, खाचाखाचांचे मड टायर हवेत. हा निष्कर्ष आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांचाही असतो. मेसमध्ये कोणी थारचा फोटो दाखवला की पहिली चर्चा टायर किती रुंद याची. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी टायरवर काय लिहिलेलं असतं ते बघू. मामाच्या टायरवर आहे २३५/७० आर १६, १०५ एस. यातला २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्केवारीत. २३५ चे ७० टक्के म्हणजे १६४.५ मिमी. आर म्हणजे रेडियल. आतले दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. मिशेलिन कंपनीने याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. १६ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपण असा ड्रॉइंग शीट काढला तर सर फाडून टाकतील.

आता पूर्ण व्यास काढा. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, अधिक दोन्हीकडच्या भिंती ३२९ मिमी, एकूण ७३५.४ मिमी. परीघ साधारण २.३१ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१०५ हा लोड इंडेक्स. १०५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९२५ किलो. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत चालेल असा टायर. वेगाच्या अक्षराकडे आपण सगळे बघतो आणि लोड इंडेक्सकडे कोणी बघत नाही. पण जी गाडी रिकामी असतानाच सुमारे दोन टनांची आहे आणि जिच्यात आंब्याच्या पेट्या भरायच्या आहेत, तिला १८० च्या वेगाचं काय करायचंय? टायर बदलताना लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाता कामा नये, ही पहिली अट. दुकानदार 'बसतोय की' म्हणाला तरी.

आणखी एक आकडा असतो, तो शोधावा लागतो. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे कधी कधी गाडीखाली वाकून बघावं लागतं. मामाच्या पुढच्या दोन्ही टायरवर निघालं १११७. २०१७ सालचा अकरावा आठवडा, म्हणजे गाडीबरोबर आलेले मूळचे टायर, सात वर्षांचे. मागचे दोन मामाने २०२१ मध्ये गाडी घेतल्याबरोबर 'नवे' म्हणून टाकले होते. त्यांच्यावर निघालं ३४१८. विकत घेतले त्या दिवशीच ते तीन वर्षांचे होते! दुकान कुठलं ते लिहीत नाही. बिलावर तारीख बरोबर होती, पैसे पूर्ण घेतले होते, आणि मामाने चार अंक वाचले नव्हते.

(हे शिकल्यावर मी एका दुपारी आपल्या कॉलेजच्या स्टाफ पार्किंगमध्ये फिरून जमतील तेवढे टायर वाचले. सिक्युरिटीच्या काकांना संशय आला होता. एका गाडीचे टायर २०१३ चे आहेत. गाडीचा नंबर सांगणार नाही, पण सर, तुम्ही हे वाचत असाल तर प्लीज.)

आता नक्षी. कॉलेज उघडल्यावर वर्कशॉपच्या सरांकडून व्हर्नियर मागून घेतलं आणि शनिवारी आजोळी गेले. व्हर्नियरच्या शेपटाकडून जी बारीक पट्टी बाहेर येते ती खोली मोजायला असते, हे पहिल्या वर्षी जर्नलमध्ये लिहिलं होतं. तिचा खरा उपयोग मी पहिल्यांदा केला. पुढचे टायर : २.४ मिमी. मागचे : ५.९ मिमी. नवीन टायरला साधारण ९ धरू. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीवर असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याच्या भाषेत मामाचे टायर अजून जिवंत होते. म्हणून तर तो म्हणत होता, "अजून नक्षी दिसता."

पण नक्षी दिसणं आणि नक्षीने काम करणं यात फरक आहे. खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. पाणी निघालं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. नासामध्ये १९६० च्या दशकात वॉल्टर हॉर्न यांनी विमानाच्या टायरवर काम करून एक सूत्र दिलं. पीएसआयमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला सुमारे १६.६ ने गुणा, की पूर्ण तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३५ पीएसआयला हा वेग ९८ च्या आसपास येतो, २५ ला ८३. म्हणजे हवा कमी ठेवली तर हायवेवर टायर लवकर तरंगेल. कारच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू नाही, नक्षी आणि पाण्याची खोली यावरही बरंच अवलंबून असतं, पण अंदाज येतो.

इथे मी थोडी अडकले, कारण मामा तर चाळीसवर होता! ९८ कुठे आणि ४० कुठे. म्हणजे गाडी पूर्ण तरंगलेली नव्हती. मग का सरकली?

याचं उत्तर रबरात आहे. रस्त्याला धरून ठेवण्यासाठी रबर डांबरातल्या बारीक खडबडीत उंचसखल भागात दाबलं जाऊन बसावं लागतं. पाण्याचा पातळ थर, त्यात डोंगरावरून वाहून आलेली बारीक तांबडी माती, वळणावर झाडाखाली शेवाळ, म्हणजे साबणच. तो थर फोडून खाली पोहोचायला मऊ रबर आणि नक्षीच्या धारदार कडा लागतात. नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात, त्यांना साइप्स म्हणतात. त्या कडा रस्त्यावरचं पाणी पुसतात. बऱ्याच टायरमध्ये या रेघा नक्षीच्या तळापर्यंत जात नाहीत, त्यामुळे २.४ मिमीच्या टायरवर त्यातल्या बहुतेक झिजून गेलेल्या असतात. आणि रबर वयाबरोबर कडक होतं. ऊन, ऑक्सिजन, ओझोन यांनी. गाडी उभी असली तरी होतं.

आमच्या मटेरियल लॅबमध्ये रबराचा कडकपणा मोजायचं शोअर ड्युरोमीटर आहे. पुढे जेव्हा टायर बदलले तेव्हा जुना एक टायर मी मामाच्या विरोधाला न जुमानता कॉलेजला आणला. (एसटीच्या टपावर. कंडक्टरने त्याचं तिकीट काढलं.) जुना टायर निघाला ७६, नवीन टायर मी दुकानात मोजला होता तो ६४. एका टायरवरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. पण नखाने दाबूनसुद्धा फरक कळत होता.

घर्षणाच्या या फरकाने काय होतं? आपल्याच पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचं सूत्र, थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा म्यू ०.६ धरला तर अंतर येतं साडेदहा मीटर. शेवाळावर जुन्या टायरचा ०.३५ धरला तर अठरा मीटर. फरक साडेसात मीटरचा. घाटातला रस्ता जवळपास तेवढाच रुंद असतो. आणि यात उतार अजून धरलेलाच नाही.

या सूत्रात फोर बाय फोर कुठेच नाही, बघा. ब्रेक लावताना मारुती ८०० पण चारही चाकांवरच थांबते. फोर बाय फोर गाडीला जायला मदत करतं. थांबायला आणि वळायला शेवटी चार टायर आणि रस्ता. मामाला हे पटवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

गाडी सरळ का गेली तेही यातच आलं. पुढचे टायर गेलेले, मागचे त्या मानाने बरे. पुढच्यांनी पकड सोडली की स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी सरळ जाते. दोनच टायर बदलायचे तर नवे मागे टाकावेत असा नियम आहे आणि तो बरोबर आहे, कारण मागचा भाग सरकला की गाडी फिरते, आणि ते सावरणं जास्त अवघड. त्यामुळे दुकानदाराने मागे टाकले ते चूक नव्हतं. पुढचे तसेच तीन वर्षं ठेवले ते चूक होतं.

शिवाय फोर बाय फोरमध्ये दोन-दोन टायर बदलण्याचा एक वेगळाच घोळ आहे. मामाची तक्रार होती की फोर-एच टाकलं की वळणावर गाडी अडखळते, खालून खट् असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने 'ट्रान्सफर केस उघडावी लागेल' असं सांगून मोठा आकडा सांगितला होता. आता तो परीघ आठवा. मागच्या टायरची नक्षी पुढच्यापेक्षा ३.५ मिमी जास्त, म्हणजे व्यास ७ मिमी जास्त, परीघ २२ मिमी जास्त. एका किलोमीटरला मागची चाकं सुमारे ४३६ फेऱ्या घेणार आणि पुढची ४४० च्या वर. या गाडीत फोर-एच टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये फरक पचवणारं डिफरन्शिअल नाही. मग या चार फेऱ्या जाणार कुठे? चिखलात चाक घसरून फरक निघून जातो. डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि खट् करून सुटतो. वळताना तर टायर सारखे असले तरी हे होतंच, कारण पुढची चाकं जास्त लांबच्या वर्तुळावरून जातात. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच टाकायचंच नाही, आणि पाचही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकत्र झिजवायचे. पाच, कारण स्टेपनीही फिरवायची.

आता मामाचे मोठे टायर. त्याच्या डोक्यात होते २६५/७० आर १६, मड टेरेन. त्याचं म्हणणं, "गाडी वाघासारखी दिसाक होयी." हिशोब केला. २६५ चे ७० टक्के १८५.५, व्यास ७७७.४ मिमी, म्हणजे ५.७ टक्के जास्त. फायदा खरा आहे. गाडी २१ मिमी वर उचलली जाते, आणि मागच्या धुऱ्याचा डिफरन्शिअलचा गोळा वर नेणारी गोष्ट टायर हीच आहे, स्प्रिंग उंच करून तो गोळा तिथेच राहतो.

पण किंमत बघा. चाक मोठं म्हणजे तेवढ्याच टॉर्कमध्ये रस्त्यावर ढकलणारं बळ पाच टक्क्यांहून जास्त कमी. म्हणजे घाटात गिअर लवकर खाली पाडा. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ८५ ने जात असते. जड चाक थांबवायला ब्रेक तेच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासण्याची शक्यता. २६५ चा टायर सात इंचांपेक्षा अरुंद रिमवर साधारणपणे बसवत नाहीत, त्यामुळे रिमचाही प्रश्न. स्टॉर्मची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, तिथे हे धूड मावेल का हा आणखी एक. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स या दोन्हीकडे विचारावं. अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले टायरचा साइज वाचतात, आधी नाही.

रुंदीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त टेकणारा टायर, असा. पूर्ण भरलेली गाडी २६०० किलो धरली तर एका चाकावर ६५० किलो. हवा ३५ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.४६ किलो. भागाकार केला की टेकणारं क्षेत्रफळ सुमारे २६४ चौरस सेंटिमीटर. वहीच्या पानापेक्षा कमी! अशा चार पानांवर अख्खं कुटुंब घाट उतरत असतं. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर हे क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबोडकं होतं ते आडवं होतं. क्षेत्रफळ खरं वाढतं ते हवा कमी केल्यावर. २२ पीएसआयला तोच आकडा ४२० होतो. (टायरच्या भिंतीचा ताठपणा यात धरलेला नाही, म्हणून हे ढोबळच.) त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. फक्त नंतर परत हवा भरावी लागते, आणि हीच गोष्ट लोक विसरतात. २२ वर हायवेला गेलात तर भिंत सारखी दुमडून टायर तापतो आणि फुटतो.

चिखलाचंही तसंच. चिखल म्हणजे सगळीकडे एकच नसतो. काळ्या मातीत खाली कडक तळ लवकर लागत नाही, आणि ती माती नक्षीत अशी चिकटते की टायर गुळगुळीत रूळ होतो. तिथे मड टायरच्या रुंद खाचा खऱ्या कामाच्या, फिरताना त्या माती झटकून टाकतात. आमच्या आजोळी मात्र वीतभर तांबड्या चिखलाखाली जांभा दगड आहे. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली कातळाला टेकतो, रुंद टायर वरच्यावर पोहत राहतो. मामाच्या शेजाऱ्यांची जुनी जीप बारीक टायरवर पाणंद पार करते, हे मामा रोज बघतो. ती त्याला जीपची पुण्याई वाटते.

तर टायरच्या तीन जाती. एचटी म्हणजे हायवे टेरेन : बारीक नक्षी, साइप्स भरपूर, आवाज कमी, ओल्या डांबरावर उत्तम, चिखलात हतबल. एमटी म्हणजे मड टेरेन : मोठे ठोकळे, मोठ्या खाचा, जाड भिंत. चिखलात आणि दगडात राजा. पण रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि साइप्स कमी, त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेकला कमजोर, आणि ८० च्या पुढे असा घुमतो की आजीने कान झाकले असते. मधली जात एटी, ऑल टेरेन. बीएफ गुडरिचने या प्रकारचा रेडियल १९७६ मध्ये काढला. आपल्याकडे एमआरएफ वाँडरर, सिएट झार, अपोलो अप्टेरा, योकोहामा जिओलँडर ही नावं तुम्ही ऐकली असतील. यातल्या काही नावांखाली एचटीही मिळतो आणि एटीही, त्यामुळे फक्त नाव सांगून टायर मागवू नये.

मी मामाला वही दिली आणि एक महिना किती किलोमीटर कुठे झाले ते लिहायला सांगितलं. त्याने कुरकुरत लिहिलं. शंभरातले त्र्याण्णव डांबर, सात पाणंद. आणि जीव जाणार होता तो त्या त्र्याण्णवमध्ये. पाणंदीत अडकलो तर चपला हातात घेऊन घरी चालत जाता येतं.

या आकड्यांवर मी सांगितलं : मूळ साइज, फार आक्रमक नक्षी नसलेला एटी, लोड इंडेक्स १०५ किंवा वर, पाच नग, आणि तारखेचे चार अंक वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नुसता डांबराचाच विचार केला तर एचटी जास्त चांगला हे मला माहीत होतं. पण पाणंदीच्या दगडांनी एचटीची पातळ भिंत फाटते, आणि मामाला एचटी म्हटलं असतं तर त्याने फोनच ठेवला असता. इंजिनिअरिंगमध्ये क्लाएंट नावाची एक मर्यादा असते, ती सिलॅबसमध्ये नाही.

दुकानात गंमत झाली. मी विचारायचे आणि दुकानदार उत्तर मामाला द्यायचा. तारीख दाखवा म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. पाचपैकी दोन टायर आठवड्याने जुळत नव्हते, पण वर्ष तेच होतं, चाललं. नायट्रोजन भरायचा आग्रह झाला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, असं मी म्हटलं, तेव्हा मामा पहिल्यांदा हसला. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मात्र करून घेतलं, त्यात कंजूषपणा करू नये. एकूण बिल बघून मामा घरी येईपर्यंत बोलला नाही.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. तापलेल्या टायरमध्ये दर साडेपाच अंश सेल्सिअसला साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून घाट उतरून आल्यावर मोजलेला आकडा खोटा. मामाला मी एक छोटा गेज घेऊन दिलाय. पेट्रोल पंपाच्या मीटरमध्ये आणि त्यात तीन पीएसआयचा फरक आला, त्यावरून पंपावर भांडण झालं ते वेगळंच.

खट् आवाज बंद झाला. ट्रान्सफर केस उघडावी लागली नाही. त्या वळणावरून पुढच्या पावसाळ्यात आम्ही तीनदा गेलो. मामा तिथे अजूनही वीसवर येतो आणि कोणी काही बोलत नाही.

आणि हो, जुलै २०२५ मध्ये पाणंदीत गाडी अडकली. पऱ्याच्या अलीकडे, एक्सलपर्यंत. मी फोनवरून ओरडत होते की हवा २० वर आण, पण हवा सोडली तर परत भरणार कशाने, हा मामाचा प्रश्न रास्त होता. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. रात्री फोन आला, "मड टायर आसते तर ट्रॅक्टर लागलो नसतो."

बहुतेक खरं आहे ते. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्यायचं ठरलंय, पैसे मामी देणार आहे.